पान उलटणारं गिऱ्हाईक

माझ्या धाकट्या काकांना सगळा भाग नंबरकाका म्हणून ओळखतो. शाळेत त्यांचा नंबर कधी वरून मोजावा लागला नाही, असं माझे वडील अजूनही आवर्जून सांगतात. तेव्हा नावाचा आणि हुशारीचा संबंध नाही. काकांचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात त्यांचा जन्म गेला. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. रस्त्यात कुणी हात केला की काका मला हळूच विचारतात, "हा कोण रे? तो डावा पावणेदोन ना?" आणि तो डावा पावणेदोनच असतो.

अशा या काकांनी कादंबरी लिहिली.

दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात काका काउंटरवर मान खाली घालून लिहीत बसायचे. काकूंना वाटायचं, हिशोब लिहितात. इतकी वर्षं इतका हिशोब लिहिणाऱ्या माणसाच्या दुकानात काही वाढताना कसं दिसत नाही, याचं त्यांना नवल वाटत असे. मग एके दिवशी टेम्पो दारात थांबला आणि त्यातून खोकी उतरायला लागली. काकूंना वाटलं, फ्रेमा आल्या. उघडून बघतात तो आत पुस्तकं, आणि प्रत्येकावर नवऱ्याचं नाव. काकू नंतर म्हणाल्या की बाहेर दुसरं घर असल्याचं कळलं असतं तरी एवढा धक्का बसला नसता, कारण त्याला निदान खोकी लागत नाहीत.

काकांनी पुस्तक स्वतःच छापलं होतं. एकाही प्रकाशकाला दाखवलं नव्हतं. का, तर प्रकाशक नको म्हणाला असता तर पुढे लिहायचा धीर झाला नसता. छापायला मात्र धीर झाला. कागद असा निवडला की उजेड डोळ्यांवर उडू नये. अक्षर, ओळींमधलं अंतर, सगळं आपल्या धंद्याच्या हिशोबाने, वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडणार नाही असं. मुखपृष्ठ तेवढं मेहुण्याच्या मुलाकडे सोपवलं. तो नुकताच कॉम्प्युटरवर चित्रं करायला शिकला होता. कादंबरी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईची. पोराने मुखपृष्ठावर घड्याळ घातलं, बाई घातली, मावळता सूर्य घातला, लांब जाणारा रस्ता घातला, उडणारे पक्षी घातले आणि कोपऱ्यात एक घोडाही घातला. पुस्तकात घोडा नाही. पण कॉम्प्युटरमध्ये होता.

खोकी आतल्या खोलीत गेली. पलंगाखाली, पलंगावर, खिडकीपर्यंत. नातेवाइकांना एकेक प्रत गेली. नातेवाइकांनी तोंडभरून कौतुक केलं. कुणी म्हणालं, कागद काय सुंदर आहे. कुणी म्हणालं, शिलाई अगदी पक्की. माझ्या आत्याने वजनाचं कौतुक केलं. जावयाने पुस्तक इंटरनेटवर विकायला ठेवलं आणि तिथे अभिप्रायही आले, सगळे पाच चांदण्यांचे. एकाने लिहिलं होतं, "पॅकिंग उत्तम." दुसऱ्याने लिहिलं होतं, "अजून वाचलं नाही, पण आमचे साडू आहेत." त्यानंतर तिथे शुकशुकाट.

काकूंनी बराच काळ दम धरला. मग माझ्या चुलतबहिणीची बदली घरच्या गावी झाली. ती नवरा आणि मुलीसह येऊन राहणार होती, आणि राहणार होती त्याच आतल्या खोलीत. काकूंनी निर्णय सुनावला. पोरगी यायच्या आत खोकी दुकानांत गेली तर ठीक, नाहीतर रद्दीवाल्याला निरोप. त्या रागावून बोलल्या असत्या तर काकांनी वेळ मारून नेली असती. त्या शांतपणे बोलल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस या दोहोंतला फरक ओळखतो.

काका पुस्तक घेऊन रस्ता ओलांडून गेले. त्यांच्या दुकानाच्या बरोब्बर समोर पुस्तकांचं दुकान आहे. तिथले पुस्तकवाले म्हणजे मोठं तिखट प्रकरण. बोलणं गोड, पण ऐकणाऱ्याला दोन दिवसांनी झोंबतं. त्यांनी काकांना बसवलं, चहा मागवला, पुस्तक हातात घेतलं आणि उघडायच्या आधीच त्याची कुंडली सांगितली.

गिऱ्हाईक पुस्तक कसं जोखतं, हे त्यांनी उभ्या आयुष्यात रोज पाहिलेलं. आधी कणा बघतात, म्हणाले. कण्यावर नाव वाकडं बसलं असेल तर हात तिथूनच मागे जातो. मग मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर पुस्तकाच्या नावापेक्षा लेखकाचं नाव मोठं दिसलं, की ओळखतात, पैसे कुणी घातलेत ते. मग मागची बाजू. तिथे 'हृदयाला भिडणारी' असं असलं, की भिडायच्या आत खाली ठेवतात. त्यातून वाचलंच, तर आतलं ऋणनिर्देशाचं पान. आभार जितके लांब, तितकी कादंबरी आखूड पडणार असं लोकांचं मत आहे. हल्ली तर दुकानात उभ्या उभ्या मोबाइल काढतात, चांदण्या बघतात आणि चांदण्या देणाऱ्यांची आडनावंही बघतात.

काकांनी विचारलं, आणि लिखाण?

"तिथपर्यंत पोचायला दारं उघडावी लागतात, काका. तुमच्या पुस्तकाने सगळी लावून घेतलीत. वर घोडा बसवलाय पहाऱ्याला."

काकांचा चेहरा पडलेला बघून त्यांनाही वाईट वाटलं असावं. कारण मग ते जरा सरळ बोलले. पुस्तक वाईट असेल असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. पण दुसऱ्याने छापलेल्या पुस्तकाला निदान एका परक्या माणसाने हो म्हटलेलं असतं. स्वतः छापलेल्याला कोण हो म्हटलं? लिहिणारा आणि त्याचे साडू. गिऱ्हाईक त्या एका परक्या माणसाला शोधत असतं. आणि मग त्यांनी अट घातली. एक परकं माणूस आपण होऊन त्यांच्या दुकानात यायला हवं आणि त्याने हे पुस्तक मागायला हवं. काकांच्या ओळखीचं नको, भिडेखातर आलेलं नको, आणि लिहिणारा कोण हे त्याला ठाऊकही नको. असं एक जरी आलं, तर पुस्तक थेट दर्शनी काचेत मांडतो.

"सगळी खोकी?" काकांनी विचारलं.

"आधी माणूस तर येऊ द्या," पुस्तकवाले म्हणाले.

काका परत आले ते खांदे पाडून. नाव माहीत नसलेलं पुस्तक मागायला, लेखक माहीत नसलेला माणूस, आपण होऊन कसा येणार? काकू म्हणाल्या, त्यांनी नकार दिलाय, फक्त कप भरून दिलाय.

आता इथे काकांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जवळचा नंबर काढताना गिऱ्हाइकाच्या हातात एक पुठ्ठा देतात, त्यावर मजकूर असतो. डोळ्यांवर तपासणीची ती जड फ्रेम चढवतात आणि तिच्यात एकेक काच घालत विचारत राहतात, आता कसं? आणि आता? हे बरं की ते? काकांकडचा पुठ्ठा त्यांनी दुकान थाटलं तेव्हाचा. त्यावर स्वच्छतेवर एक परिच्छेद होता: रोज सकाळी उठावे, दात घासावे, घर झाडावे. जुन्या गिऱ्हाइकांचा तो तोंडपाठ झाला होता. त्याच सुमाराला एक निवृत्त मॅनेजरसाहेब चाळिशीचा नंबर बदलायला आले. त्यांनी पुठ्ठा धरला आणि दात घासण्यापासून घर झाडण्यापर्यंत सगळं खणखणीत वाचून दाखवलं. काका खूश झाले. मग काच बदलायला हात पुढे केला तर फ्रेममध्ये काचच नव्हती. काकांच्या डोक्यात पुस्तकवाले घोळत होते, घालायची राहिली होती.

काकांनी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत किती जणांना पाठांतरावर चष्मे दिले असतील, या विचाराने ते हादरले. नवा मजकूर तातडीने हवा होता. खोक्यांमध्ये पुस्तकं हलू नयेत म्हणून छापखान्याने खराब छापलेले कागद कोंबले होते. ते काकांच्याच कादंबरीचे. अक्षर तेच, डोळ्यांना सोयीचं. काकांनी त्यातलं पहिलं पान कापलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि कामाला लागले. तेव्हा त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं असं ते शपथेवर सांगतात. काकू ती शपथ मान्य करत नाहीत.

पहिल्या पानावर पहाट होती. पुरं पानभर. गिऱ्हाइकं वाचायची आणि पुठ्ठा परत करायची. काका आशेने विचारायचे, कसं वाटतंय? गिऱ्हाईक म्हणायचं, स्पष्ट. एका बाईंना तर वाचता वाचता जांभया आल्या, डोळ्यांत पाणी आलं आणि नंबरच निघेना. काकू तेव्हा डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. त्यांनी पुठ्ठा उचलून स्वतः वाचला. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या कादंबरीतलं त्यांनी वाचलेलं ते पहिलं पान.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा सूर्य उगवायला फारच वेळ घेतोय. एखादं काम असलेलं पान लावा."

काका दुखावले. पण आयुष्यभर ज्या माणसाने 'हे बरं की ते' विचारत दुसऱ्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला, त्याला सवय कुठली सोडायला? त्यांनी आणखी पानं कापली, वेगवेगळ्या पुठ्ठ्यांवर लावली आणि काचा बदलाव्यात तशी पानं बदलायला सुरुवात केली. मी तेव्हा अधूनमधून दुकानात जाऊन बसत असे. बघण्यासारखा प्रकार होता. काका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत, बुबुळांकडे बघत. बुबुळं ओळींवरून धावताहेत की रेंगाळताहेत, कुठे थबकली, कुठे उडी मारली, सगळं टिपत. दोन भावांच्या भांडणाच्या पानावर डोळे बरे चालले. पावसाच्या वर्णनावर घसरले. नायिकेने आयुष्याविषयी चिंतन केलेलं एक पान होतं, काकांचं अतिशय लाडकं. त्यावर सगळ्यांचे डोळे अर्ध्यावर यायचे आणि एकदम तळाला जायचे. काका हबकले. मग त्यांना वाटलं, हे पुठ्ठ्याच्या चकाकीमुळे होत असेल. चकाकी काढून पाहिली. चिंतनच होतं.

आणि मग ते पान लागलं.

घड्याळवाल्या बाईच्या दुकानात एक अनोळखी माणूस घड्याळ टाकून जातो. ते तिच्या हरवलेल्या वडिलांचं असतं. ती ते उघडायला बसते. पानाच्या तळाशी ओळी अशा होत्या: 'शेवटचा स्क्रू निघाला. तिने झाकण नखाने उचललं. आत चाकं होती, कमान होती, आणि चाकांच्या मधोमध, जिथे काहीच असायला नको, तिथे'. तिथे पान संपत होतं. हे काही काकांनी योजून केलं नव्हतं, छपाईत पान तिथे तुटलं होतं.

गिऱ्हाइकांनी पुठ्ठा परत करणं थांबवलं. काका काच बदलायला हात न्यायचे तर लोक डोकं मागे घ्यायचे. तपासणी लांबायला लागली. "तिथे काय?" असं जो तो विचारायचा. आणि इथे काकांची खरी पंचाईत झाली. पुस्तक माझंच आहे म्हणावं तर अट मोडते. अट एकट्या पुस्तकवाल्यांची राहिली नव्हती, एव्हाना ती काकांची स्वतःचीही झाली होती. भिडेखातर घेतलेल्या प्रती त्यांनी नातेवाइकांत पुरेशा वाटल्या होत्या. म्हणून ते तोंड कोरं ठेवून म्हणायचे, "असेल कुठल्याशा पुस्तकातलं." स्वतःच्या पोटच्या पोराला रस्त्यावरचं कुणीतरी म्हणायची पाळी. संध्याकाळी घरी आल्यावर ते आत जाऊन खोक्यांवरची धूळ झटकत बसत. काकू त्या वेळी आतल्या खोलीच्या दाराकडे बघायच्या. मुलगी यायला फार अवकाश उरला नव्हता, आणि रद्दीवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता.

जवळच्या इस्पितळात एक नर्सबाई नव्याने आल्या होत्या. अंगाने आडव्या, बोलायला रोखठोक. चेहऱ्यावरचा भाव असा की समोरच्याने आपण होऊन बाही वर करावी. त्या जवळचा चष्मा न्यायला आल्या. काकांनी चष्मा चढवला, कानामागे नीट बसवला, हातात पुठ्ठा दिला. बाईंनी वाचलं. तळाशी पोचल्या. आणि त्यांनी पुठ्ठा उलटा केला.

मागे कोरा पुठ्ठा होता. बाईंनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, काकांकडे बघितलं.

"पुढचं कुठाय?"

काका म्हणाले की तपासणीला एवढंच पुरतं.

"डोळ्यांना पुरत असेल. मला पुरत नाही. पुस्तक कोणतं हे?"

नाव काकांच्या ओठांवर आलं होतं म्हणे. पण त्यांनी सांगितलं ते एवढंच, की कुठल्याशा पुस्तकातलं पान आहे. असा बेजबाबदारपणा बाईंच्या वॉर्डात चालत नसावा. त्यांनी काकांकडे अशा नजरेने पाहिलं की काकांना ताप भरल्यासारखं झालं. मग त्यांनी चष्म्याची डबी पिशवीत टाकली, दुकानाच्या पायरीवर उभं राहून समोरची पाटी नव्या चष्म्याच्या वरून वाचली, आणि रस्ता ओलांडला.

पुढचं मला पुस्तकवाल्यांकडून कळलं. बाई आत गेल्या आणि म्हणाल्या, ते घड्याळवालीचं पुस्तक द्या. नाव? ठाऊक नाही. लेखक? ठाऊक नाही. पण त्या चष्मेवाल्यांकडे पान आहे, त्यात घड्याळाचं झाकण उघडतं आणि पुढचं सांगत नाहीत. पुस्तकवाल्यांनी उडवून लावायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण बाईंच्या मागे एक शिंपी उभे होते, ते म्हणाले की मीही तेच विचारायला आलोय. आणि काकांनी पुन्हा तपासायला बोलावलेले निवृत्त मॅनेजरसाहेब तर आधीच आत येऊन फळ्यांमागे शोधत होते.

पुस्तकवाले तडक काकांच्या दुकानात आले. आले ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, डोळे तपासा. काकांनी ती जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली. तिच्यात कुठलाही माणूस दुरुस्तीला आलेल्या यंत्रासारखा दिसतो, पुस्तकवाले तर फारच. पुठ्ठा हातात घेतला आणि ते वाचायला लागले. मी तिथेच होतो. या माणसाने आयुष्यात पुस्तकं पाठीवरून, पोटावरून, वजनावरून, वासावरून जोखली होती. आता त्यांच्या हातात पाठ नव्हती, पोट नव्हतं, घोडा नव्हता. नुसतं एक पान. काकांनी सवयीने विचारलं, आता कसं? त्यांनी पुठ्ठा आणखी जवळ ओढला. काकांनी काच काढायला हात नेला.

"काढू नका," पुस्तकवाले म्हणाले.

तळाशी पोचले आणि थांबले. नाकावरचं ते धूड न काढताच मान वर केली. मग त्यांनी काकांना विचारलं, हे तेच? काका म्हणाले, तेच. पुस्तकवाले म्हणाले की या पुस्तकाची एक प्रत त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती चहा संपायच्या आत परत केली. हे ते मोठ्याने बोलले, मलाही ऐकू जाईल असं. तिखट माणसाला हे जमतं हे मला माहीत नव्हतं.

"पाठवा खोकी," ते म्हणाले. "सगळी. घोड्यावर कागद चढवू. कोरा, साधा. त्यावर हे एवढंच पान छापा, इथे तुटतं तिथपर्यंत. बाकी काही नको. ते 'हृदयाला भिडणारी' पण नको."

"ते मी लिहिलं नव्हतं," काका म्हणाले. "साडूंनी लिहिलं होतं."

"मग काय तिथे?" पुस्तकवाल्यांनी पुठ्ठ्याच्या तळाशी बोट ठेवून विचारलं.

काका आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी उद्धट वागले. म्हणाले, "पुस्तकात आहे."

खोकी हलली तो दिवस मला लख्ख आठवतो. रद्दीवाला वजनकाटा घेऊन दारात आला होता आणि काकूंनी त्याला असा फैलावर घेतला की जणू पुस्तकं रद्दीत घालायची कल्पना त्याचीच होती. त्यालाच मग दोन खोकी उचलायला लावली. आम्ही घरचे सगळे खोकी घेऊन रस्ता ओलांडत होतो आणि काका मधोमध उभे राहून गाड्या थांबवत होते. एका स्कूटरवाल्याने वैतागून विचारलं, कसली मिरवणूक आहे? काका म्हणाले, थांब जरा, डावा सव्वादोन, तुझ्याही कामाची आहे.

पहिली प्रत नर्सबाईंनी घेतली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं नाही, मागची बाजू वाचली नाही, चांदण्या मोजल्या नाहीत. सरळ ते पान काढलं, उलटलं, आणि उभ्यानेच पुढचं वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला तो पुस्तकवाल्यांनी पाहिला, आणि नंतर ते म्हणाले की इतकी पुस्तकं विकली, पण हा भाव बघायला ते नेहमी चुकीच्या बाजूला उभे होते. घड्याळात काय होतं ते मी इथे सांगणार नाही. पुस्तकवाल्यांनी मला तशी ताकीद दिली आहे. वाचून झाल्यावर बाईंनी शेवटच्या पानावरचा लेखकाचा फोटो पाहिला. फोटोसाठी काकांनी चष्मा काढून ठेवला होता, त्यामुळे डोळे बारीक झाले होते. बाई म्हणाल्या, लिहितात चांगलं, पण यांना कुणीतरी नंबर काढून घ्यायला सांगा.

बहीण आली तेव्हा आतली खोली रिकामी होती. तिने आईला विचारलं की बाबांचं पुस्तक कुठे गेलं. काकू म्हणाल्या, "दुकानात. काचेत. जा, बघून ये. आणि येताना मला एक घेऊन ये, पैसे देऊन. घरात एकही उरलेलं नाही आणि माझं अर्धं वाचायचं राहिलंय."

गेल्या आठवड्यात मी काकांकडे गेलो होतो. खुर्चीत एक गृहस्थ फ्रेम लावून बसले होते. काका हातात काच घेऊन त्यांच्याकडे पाठ करून उभे, नजर रस्त्यापलीकडे. समोरच्या काचेपुढे एक मुलगी थांबली होती. कोण, कुठली, काकांना ठाऊक नव्हतं. एवढ्या लांबून नंबरही कळेना. ती काचेतलं पान वाचत होती. काका पुटपुटत मला सांगत होते: मधल्या परिच्छेदावर आली... आता खाली... आता स्क्रूपाशी आहे. मुलगी क्षणभर उभी राहिली, तिने दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि दार ढकलून आत गेली.

"अहो," खुर्चीतले गृहस्थ कळवळून म्हणाले, "मला काही म्हणजे काही दिसत नाहीये."

"थांबा हो जरा," काका म्हणाले. "मला दिसतंय."